परत विंडोज १० वर: फॉन्ट, डोंगल आणि हरवलेली शब्दयादी

मी सातारला घरूनच डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं मांडायचं काम करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, कधीतरी एखादं पुस्तक. २००७ पासूनच्या फाइली आहेत माझ्याकडे आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त पेजमेकर ७ मधल्या आहेत, म्हणजे पानं मांडायच्या २००१ सालच्या सॉफ्टवेअरमधल्या. बाहेरच्या लोकांना नवल वाटतं पण आमच्या धंद्यात ते अजून चालतं, कारण जुनी पत्रिका उघडायची, नावं तारखा बदलायच्या, प्रूफ दाखवायचं, बटर पेपरवर ट्रेसिंग काढून प्रेसला प्लेटसाठी द्यायचं, एवढ्या कामाला ते पुरतं आणि हातही त्यालाच बसलेला आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे नेहमीची सुरक्षा अपडेट, संपला. मी दिवाळीची गडबड संपल्यावर, तुळशीच्या लग्नाच्या आत करून टाकू म्हणून सी ड्राइव्ह फॉरमॅट करून कोरं विंडोज ११ टाकलं. मशीन छान चालत होतं, खरंच. पण माझ्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरला डोंगल (लायसनची यूएसबीला लावायची किल्ली) लागतो, तो लावला की "या डिव्हाइसवर ड्रायव्हर लोड होऊ शकत नाही" असा मेसेज (ड्रायव्हर म्हणजे जोडलेलं यंत्र विंडोजकडून चालवून घेणारा छोटा प्रोग्रॅम). आणि ए३ लेसर प्रिंटरला ए३ कागदच दिसेना. दहा दिवस दुसऱ्या लॅपटॉपवर कसंबसं काम ओढलं, मुहूर्त सुरू झाले, पाच पत्रिका अंगावर आल्या आणि मी ठरवलं की परत १० टाकायचं.

इथे एक सांगते, ज्यांनी १० वरूनच अपग्रेड केलंय (माझ्यासारखं कोरं नाही टाकलं) त्यांना सेटिंग्जमध्ये रिकव्हरीत "गो बॅक" मिळतं, दहा दिवसांपर्यंत. जुनं विंडोज तेवढे दिवस विंडोज ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेलं असतं, जागा कमी पडते म्हणून ते फोल्डर साफ केलंत तर परतीची वाट बंद. ही मुदत आधीच वाढवून ६० दिवसांपर्यंत नेता येते. मला यातलं काहीच लागू नव्हतं, मला परत फॉरमॅटच.

विंडोज १० टाकायला तासभर लागला, ॲक्टिव्हेशन आपोआप झालं कारण लायसन त्या मशीनच्या नावावर आधीच नोंदलेलं असतं. मला वाटलं झालं काम, डी ड्राइव्हला तर हातही लावलेला नाही, माझी निम्मी सॉफ्टवेअरं डीवरच आहेत. हा समज आमच्या लाइनमध्ये सगळ्यांचा आहे की सॉफ्टवेअर डीवर टाकलं की फॉरमॅटनंतर पण राहतं. फोल्डर राहतं हो, पण सॉफ्टवेअर म्हणजे नुसतं फोल्डर नाही. त्याची नोंद रजिस्ट्रीत (विंडोजची नोंदवही), त्याच्या सामायिक डीएलएल (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या फाइली) विंडोजच्या फोल्डरात, ड्रायव्हर तिसरीकडे, सेटिंग युजरच्या फोल्डरात, आणि हे सगळं सीवर, जे आपण पुसलेलं असतं. घर तिथेच आहे पण लाइट आणि पाण्याचं कनेक्शन तोडलंय अशी गत.

म्हणून डीवरच्या आयकॉनवर डबल क्लिक केलं की एकेक एरर यायला लागली. पहिल्या रात्री मी घाबरून जे दिसेल ते परत इन्स्टॉल करत सुटले आणि त्यातून काही निष्पन्न झालं नाही. दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसले, प्रत्येक प्रोग्रॅम उघडायचा, जो मेसेज येईल तो जसाच्या तसा लिहायचा, इन्स्टॉल काही करायचं नाही. दुपारपर्यंत लक्षात आलं की नऊ प्रोग्रॅम बंद आहेत पण कारणं चार-पाचच आहेत.

तिघांना एकच डीएलएल सापडत नव्हती, एमएसव्हीसीपी१४०. ती व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल नावाच्या पॅकेजात असते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट आहे, २०१५ पासून पुढच्या सगळ्यांना मिळून एकच पॅकेज चालतं, पण त्याच्या आधीच्यांना, म्हणजे २००८, २०१०, २०१२, २०१३ वगैरे, ज्याला त्याला आपापल्या सालाचंच लागतं. आणि विंडोज ६४ बिट असलं तरी जुना प्रोग्रॅम ३२ बिटचा असतो, त्यामुळे दोन्ही टाका. मी आधी फक्त ६४ चं टाकलं आणि एरर जशीच्या तशी, तासभर त्यात गेला. कृपा करून सुटी डीएलएल भलत्याच साइटवरून उतरवून सिस्टीम फोल्डरात टाकू नका, त्यात काय भरलेलं असेल सांगता येत नाही. बिलाच्या प्रोग्रॅमला डॉट नेट ३.५ (विंडोजचाच एक जोडभाग) हवं होतं, ते कंट्रोल पॅनलमधल्या "टर्न विंडोज फीचर्स ऑन" मध्ये टिक करून मिळालं. पण मग बिलाचा डेटा उघडेना, कारण ११ वर असताना मी त्याची नवीन आवृत्ती टाकली होती आणि तिने डेटा फाइल नव्या पद्धतीची करून ठेवली, आणि आता मी डीवरच्या जुन्या सेटअपने जुनी आवृत्ती टाकत होते. नवीन आवृत्ती टाकली, उघडला. विंडोज मागे नेलं म्हणजे प्रोग्रॅमही मागचेच टाकायचे असं नसतं.

काही फोल्डर "परवानगी नाही" म्हणत होते, ते जुन्या विंडोजमधल्या युजरच्या मालकीचे होते, नाव तेच ठेवलं तरी विंडोजच्या लेखी नवा युजर म्हणजे दुसरा माणूस. प्रॉपर्टीजमधून सिक्युरिटीत जाऊन मालकी स्वतःकडे घेतली की होतं.

आता फॉन्ट. याच्यावर मी दोन दिवस घालवले म्हणून जरा सविस्तर लिहिते, डीटीपीवाल्यांनी तरी नक्की वाचा.

माझ्या फॉन्टच्या फोल्डरात साडेतीनशेच्या वर मराठी फॉन्ट आहेत. सगळे सिलेक्ट केले, राइट क्लिक, इन्स्टॉल. वर्डमध्ये सगळे दिसतात, पेजमेकरमध्ये एक पण नाही. मला वाटलं फॉन्ट खराब झाले, दुसऱ्या बॅकअपमधून आणून टाकले, तरी तेच. कारण असं की विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ च्या शेवटापासून, साधं "इन्स्टॉल" केलं की फॉन्ट फक्त त्या युजरपुरता बसतो, त्याच्या फोल्डरातल्या ॲपडेटामध्ये. आधी तो थेट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात जायचा. बरेच जुने प्रोग्रॅम फक्त तिथेच बघतात, त्यांना हा दुसरा पत्ता माहीतच नाही. राइट क्लिकमध्ये खाली "इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स" असतं, ते करायचं. आधीचे काढले, असे टाकले, पेजमेकर उघडलं आणि सगळी यादी समोर. फॉरमॅटच्या आधीच्या विंडोजवर हे कधी आडवं आलं नाही कारण ते फॉन्ट त्या बदलाच्या आधीपासूनचे बसवलेले होते.

पण फॉन्ट दिसले तरी मॅटर (मजकूर) नीट नव्हतं! जुनी पत्रिका उघडली तर साधी अक्षरं बरोबर आणि मध्येच जोडाक्षरांच्या जागी चौकोन. रफार गायब. वधूचं नाव अर्धं. माझ्या पोटात गोळा आला, अठरा वर्षांच्या फाइली आहेत या, काही घरांतल्या थोरल्यांच्या पत्रिका मी केल्यात आणि आता धाकट्यांच्या केल्यात.

झालं होतं असं की विंडोज टाकल्यावर रीजनच्या सेटिंगमध्ये, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबमध्ये, सिस्टीम लोकेल बदलतो तिथे "बीटा: यूज युनिकोड यूटीएफ-८" असा एक चौकोन असतो, त्यावर मी टिक केली होती. युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरलेला आकडा देणारी पद्धत, यूटीएफ-८ हा ती साठवायचा एक प्रकार) म्हणजे मराठीला चांगलं, असं वाटून. आणि युनिकोड मराठीला चांगलंच आहे, हे मी आजही म्हणेन, हे सगळं तुम्ही वाचताय ते त्याच्यामुळेच. पण आमचे जुने फॉन्ट युनिकोड नाहीत. त्यात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. कृतिदेव नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये छोट्या डीच्या जागी क आहे आणि छोट्या केच्या जागी काना, म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही डी के लिहिलंत, फॉन्टने ते का म्हणून दाखवलं. अशा एकूण जागा २५६, त्यातल्या पहिल्या १२८ मध्ये साधी अक्षरं भागतात, जोडाक्षरं वगैरे पुढच्या जागांत ढकललेली असतात. यूटीएफ-८ मध्ये पहिल्या १२८ जागा तशाच राहतात म्हणून साधी अक्षरं शाबूत, पण त्यापुढचा एकटा आकडा त्याला अर्थ नसलेला वाटतो आणि तो तिथे चौकोन टाकतो. फाइल बिघडलेली नसते, वाचणारा चुकीच्या चष्म्यातून वाचत असतो. फक्त एक करायचं, तशा अवस्थेत फाइल सेव्ह करायची नाही. मी नशिबाने केली नव्हती. टिक काढली, मशीन रिस्टार्ट केलं, पत्रिका उघडली आणि गणपतीच्या खालचं "श्री" जागच्या जागी बघून डोळ्यात पाणी आलं, खोटं नाही सांगत.

प्रिंटरचं उत्तर मात्र मला जरा खटकलं. १० वर पण ए३ दिसेना! म्हणजे हा प्रॉब्लेम ११ चा नव्हताच. दोन्ही वेळी विंडोजने स्वतःहून सर्वसाधारण ड्रायव्हर लावला होता, ज्यात प्रिंटरची खास मापं नसतात. मॉडेलचा खरा ड्रायव्हर उतरवून बसवला, ए३ आला. पण तोवर वेगळ्या ड्रायव्हरवर उघडलेल्या दोन फाइलींमध्ये ओळी खाली सरकल्या होत्या, कारण पेजमेकर मजकूर बसवताना प्रिंटरचा हिशोब धरतं. म्हणून आधी प्रिंटर, मग फाइली. आणि सेटिंगमध्ये "लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर" ची टिक काढून ठेवा, नाहीतर डिफॉल्ट प्रिंटर आपल्या नकळत बदलत राहतो.

डोंगलसाठीही परत १० वर यायलाच हवं होतं असं नाही. कोऱ्या विंडोज ११ मध्ये मेमरी इंटिग्रिटी म्हणून सुरक्षेचं एक सेटिंग चालूच येतं, ते जुने ड्रायव्हर अडवतं. ते बंद करता येतं हे मला कळलं तोवर १० टाकून झालं होतं. अर्थात ते बंद करणं म्हणजे मशीनची एक कडी काढून ठेवणं आहे, त्यामुळे ते केलं असतं की नाही सांगता येत नाही. इथे ड्रायव्हर आधी टाकला, डोंगल नंतर लावला (हा क्रम चुकवू नका) आणि टायपिंग सुरू झालं.

सुरू झालं पण माझी शब्दयादी रिकामी होती.

या सॉफ्टवेअरमध्ये आपले शॉर्टकट भरता येतात. "चिवं" टाइप केलं की "चिंचणेर वंदन", "क्षेमा" म्हटलं की "क्षेत्र माहुली", तसंच अंगापूर, वर्णे, लिंब, गावोगावची नावं, आडनावं, "आमच्या येथे श्रीकृपेकरून" पासून "आपले आगमन प्रार्थनीय" पर्यंत सगळं. अठरा वर्षं एकेक भरलेलं. काही गावांची नावं कशी लिहायची हे मला त्या गावच्या म्हाताऱ्या माणसांनी माझ्याकडे बसून सांगितलंय, ते दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही. फॉरमॅटच्या आधी मी सॉफ्टवेअरचं फोल्डर कॉपी करून ठेवलं होतं, त्यातली यादीची फाइल बघितली तर ती २००७ ची, कंपनीने दिलेली, कोरी.

मग कळलं. जुना प्रोग्रॅम प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायला गेला की विंडोज त्याला तिथे लिहू देत नाही, पण अडवतही नाही, गुपचूप ते लिहिलेलं युजरच्या ॲपडेटात, लोकलमध्ये, व्हर्च्युअल स्टोअर नावाच्या फोल्डरात नेऊन ठेवतं. प्रोग्रॅमला वाटतं आपण आपल्याच घरात लिहिलं. हे ॲपडेटा लपवलेलं असतं म्हणून कॉपी करताना नजरेत येत नाही. पण ११ टाकताना केलेल्या फॉरमॅटच्या आदल्या रात्री माझा भाऊ म्हणाला होता, ताई निवडत बसू नकोस, अख्खं युजर्स फोल्डर उचल आणि बाहेरच्या डिस्कवर टाक. चार तास लागले होते आणि मी कुरकुरत होते.

डिस्क लावली, हिडन आयटम्स चालू केले, युजर्स, माझं नाव, ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअल स्टोअर. होती. तारीख त्या फॉरमॅटच्या आदल्या दिवसाची. सॉफ्टवेअर उघडून एक शब्द भरला म्हणजे नव्या विंडोजमध्ये तेच फोल्डर तयार झालं, सॉफ्टवेअर बंद केलं, जुनी फाइल नवीच्या जागी ठेवली.

आता विंडोज बॅकअप चालू करून विंडोज १० च्या वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी केलीये, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, तोवर जुन्या फाइली एकेक करून युनिकोडमध्ये आणायला घेतल्यात, रोज रात्री दोन. शब्दयादी वहीत पण उतरवून काढतेय. काल रात्री साडेअकराला पहिलं ट्रेसिंग निघालं, मुलाकडचं गाव चिंचणेर वंदन, मी "चिवं" टाइप केलं आणि ते आलं.