गिळणारा आणि गिळला जाणारा

इंग्रजीतील ‘असिमिलेट’ हे क्रियापद शब्दकोशात मोठ्या सभ्यपणे बसलेले असते. पचवणे, आत्मसात करणे, सामावून घेणे, मिसळून जाणे, सारखे करणे असे अर्थ त्याच्यापुढे ओळीने मांडलेले दिसतात आणि ते सगळे एकाच कुळातले असावेत, असे वाटू लागते. थोडे निरखून पाहिले की या क्रियापदाची लबाडी ध्यानात येते. शरीर अन्न असिमिलेट करते तेव्हा वाक्याचा कर्ता खाणारा असतो. परक्या देशात आलेली माणसे तिथल्या समाजात असिमिलेट होतात तेव्हा कर्तेपद गिळल्या जाणाऱ्याकडे जाते, आणि क्रियापद मात्र तेच राहते. मराठी इथे अधिक सरळ आहे. सामावून घेणारा वेगळा आणि सामावून जाणारा वेगळा, हे ती क्रियापदातच सांगून टाकते.

पोटापुरते पाहिले तर फारसा पेच नाही. त्यासाठी आपल्याकडे ‘अंगी लागणे’ हा नेमका वाक्प्रचार आहे, आणि पचन व शोषण झाल्यानंतरची जी पायरी जीवशास्त्राला अभिप्रेत असते, तीच तो सांगतो. अन्नातील प्रथिनांचे तुकडे होत होत शेवटी अमिनो आम्ले उरतात, ती लहान आतड्यातून रक्तात जातात आणि शरीर त्यांतून आपल्याला हवी तशी प्रथिने नव्याने बांधते. मूळ प्रथिनाचा आकार, घडण, ओळख यांतले काहीही शिल्लक राहत नाही. बदलायचे सगळे काम अन्नाचे.

ध्वनींच्या राज्यात मात्र गंमत आहे. शेजारी आलेले दोन ध्वनी एकमेकांसारखे होऊ लागतात, त्यालाही भाषाशास्त्रात हेच नाव आहे, आणि तिथे कोणी कोणासाठी माघार घ्यायची याचे जणू अलिखित नियम ठरलेले आहेत. ‘सप्त’मधील प नमला आणि प्राकृतात ‘सत्त’ झाले. ‘अग्नि’मध्ये न नमला आणि ‘अग्गि’ झाले. बिचाऱ्या र च्या नशिबी तर दोन्हीकडून हारच आहे: ‘कर्म’मध्ये तो आधी उभा आहे, ‘चक्र’मध्ये नंतर, पण प्राकृतात ‘कम्म’ आणि ‘चक्क’ होताना दोन्ही ठिकाणी तोच गेला. पुढे मराठीने ही जोडव्यंजने सुटी केली तेव्हा आधीचा स्वर लांबला आणि सात, आग, काम, चाक हे आपले रोजचे शब्द तयार झाले. ‘सात’ म्हणताना आपण प उच्चारत नाही, परंतु तिथे कधीकाळी दोन व्यंजनांची जागा होती म्हणून तो ‘आ’ दीर्घ आहे. अन्नाला मिळत नाही एवढी दाद इथे हरलेल्याला मिळते. जाता जाता सांगायला हवे की, ‘असिमिलेट’ हा शब्दही याच प्रक्रियेतून गेलेला आहे: लॅटिनमधील ‘अद्’ हा उपसर्ग ‘सारखा’ या अर्थाच्या ‘सिमिलिस’जवळ आला आणि त्यातला द् शेजारच्या स् सारखा होऊन बसला.

स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ झां पियाजे (१८९६–१९८०) यांनी हाच शब्द मुलांच्या शिकण्यासाठी वापरला. कुत्रा ओळखू लागलेले मूल पहिल्यांदा गाय पाहते आणि तिलाही ‘भू भू’ म्हणते. नवे काही दिसले की ते जुन्या खणात ठेवायचे, ही झाली पहिली क्रिया. पण गाय हंबरते, तिला शिंगे असतात, आणि केव्हातरी मुलाला आपले खणच नव्याने पाडावे लागतात. या दुसऱ्या क्रियेला पियाजे यांनी वेगळे नाव दिले आणि शिकणे या दोन्हींच्या तोलातून घडते, असे मांडले. माझ्या मते या शब्दाचा हा सर्वांत प्रामाणिक उपयोग आहे, कारण गिळणाऱ्यालाही बदलावे लागते हे त्यात गृहीत धरलेले आहे.

समाजाच्या संदर्भात हा शब्द आला की हा प्रामाणिकपणा बरेचदा हरवतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ मध्ये मूलनिवासी मुलांसाठी निवासी शाळा काढली. तिथे मुलांचे लांब केस कापले जात, नावे बदलली जात, मातृभाषा बोलण्यास मनाई असे, आणि या साऱ्याला असिमिलेशन म्हटले जाई. १९१८ मध्ये ती शाळा बंद झाली. कल्पना पोटाचीच होती, फक्त समोर अन्नाऐवजी मुले होती.

अगदी निराळे उदाहरण आपल्या पेशींत सापडते. दीड अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी एक जीवाणू दुसऱ्या पेशीत शिरला आणि तिथेच राहिला. आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, या त्याच्या वंशज होत. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये ही मांडणी नेटाने पुढे आणली आणि पुढे ती मान्यही झाली. त्या जीवाणूची बरीचशी जनुके पेशीच्या केंद्रकात गेली किंवा नाहीशी झाली, तरी माणसाच्या तंतुकणिकेत ३७ जनुके आजही तिची स्वतःची आहेत आणि ती पेशीच्या आत स्वतंत्रपणे दुभागते. पेशीचेही तिच्यावाचून भागत नाही. जीवशास्त्र या प्रकाराला असिमिलेशन न म्हणता अंतःसहजीवन म्हणते, आणि ही निवड मला योग्य वाटते, कारण तो जीवाणू गिळला गेला असला तरी पचला नाही.