ट्यूबलाइटचे सरळ प्रतिबिंब

त्या तरुणाने रुमालात गुंडाळलेली कॅमेऱ्याची लेन्स माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर ठेवली तेव्हा रुमालातून काचेचा बारीक चुरा सांडला, म्हणून आता कशानेही काहीही पुसू नका, एवढे मी त्याला सर्वांत आधी सांगितले. फिल्टर बसवायचे ७७ मिलिमीटरचे आटे असलेली ती झूम लेन्स तोंडावर पडली होती. पुढे लावलेल्या पोलरायझरच्या, म्हणजे चकाकी कमी करणाऱ्या फिल्टरच्या, काचेचे जाळे झाले होते आणि रिंगेला एका बाजूला नखभर पोचा आला होता. लेन्स पडून दोन दिवस झाले होते. त्या दोन दिवसांत काय काय केले, हे त्याने आपणहून सांगितले नाही. रिंगेवरचे पकडीच्या दातांचे वळ मी बोटाने दाखवले तेव्हा सगळे बाहेर आले.

पहिला दिवस त्याने फिल्टर फिरवण्यात घालवला होता. ‘मॅडम, फिरत होता अगदी व्यवस्थित, पण निघतच नव्हता,’ असे तो म्हणाला आणि मला हसू आवरावे लागले, कारण पोलरायझरला दोन रिंगा असतात. काच बसवलेली पुढची रिंग नुसती गोल फिरण्यासाठीच असते, तर लेन्सच्या आट्यांत बसलेली मागची रिंग जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंदीची असते. तीच हातात आली नाही, तर पुढची कितीही फिरवा, फिल्टर जागचा हलत नाही. मग त्याने पकड लावली आणि फिरणारी रिंगही फिरायची थांबली. पातळ अ‍ॅल्युमिनियमची रिंग नुसती चिमटीत दाबली तरी किंचित लंबगोल होते, आणि लंबगोल झालेली रिंग गोल आट्यांत दोन टोकांना रुतून बसते. जोर वाढवावा तसे ते रुतणे वाढत जाते. अडकलेले फिल्टर काढायला माझ्याकडे जी माणसे येतात, त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांचा फिल्टर मुळात अडकलेला नसतो, तो त्यांनीच दाबून धरलेला असतो.

त्यानंतर फ्रीझरचा प्रयोग झाला होता. हा उपाय मला कधीच पटलेला नाही. ७७ मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची रिंग ३० अंशांनी थंड केली, तर तिचा व्यास सुमारे ०.०५ मिलिमीटरने कमी होतो, हे खरे. पण तिच्याभोवतीची लेन्सची कडही त्याच वेळी थंड होत असते. दोन्ही सारख्याच आकसल्या तर हाती काही लागत नाही, आणि बाहेरची कड प्लॅस्टिकची असून ती अधिक आकसली, तर फिल्टर उलट आवळला जातो. शिवाय बाहेर काढताच लेन्सवर, आणि कधीकधी लेन्सच्या आतही, दव धरते ते वेगळेच. सुदैवाने त्याने गंज सोडवण्याचे फवाऱ्याचे तेल मारले नव्हते. ते तेल पसरत पसरत प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या छिद्राच्या पात्यांपर्यंत पोहोचले, की पाती एकमेकांना चिकटतात आणि मग अख्खी लेन्स उघडावी लागते.

कामाला लागताना मी लेन्स उपडी टांगली, म्हणजे निघणारा प्रत्येक कण खालीच पडेल. पोलरायझरमधला पापुद्रा दोन काचांच्या मध्ये चिकटवलेला असतो, त्यामुळे फुटलेले तुकडे सहसा विखरत नाहीत, पापुद्र्याला धरून राहतात. चिमट्याने ते कडेकडेने सोडवत मी अर्ध्या तासात सगळी काच बाहेर काढली, ब्लोअरने उरलेला चुरा खाली उडवला आणि मग लेन्स सुलटी करून दिव्याखाली धरली. आत काचेवर दोन लांब आणि चार-पाच आखूड ओरखडे होते. मी दुरुस्तीच्या कार्डावर लिहिले, ‘पुढच्या भिंगावर ओरखडे, भिंग बदलावे लागेल’, आणि ते त्याला वाचूनही दाखवले. त्याचा चेहरा पडला. ही लेन्स त्याने वर्षभरापूर्वी जुनी विकत घेतली होती.

लेन्स खाली ठेवता ठेवता छताच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब त्या काचेवरून सरकले आणि मी थांबले. पुढचे भिंग फुगीर असते. त्यात ट्यूबलाइट नेहमी आखूड दिसते आणि कडेकडे नेली की धनुष्यासारखी वाकते. याच प्रतिबिंबावर आम्ही भिंगावरच्या लेपाचे डाग आणि चरे तपासतो, त्यामुळे ते डोळ्यांत बसलेले असते. इथे मात्र ट्यूबलाइट आरशात दिसावी तशी सरळ आणि लांबलचक दिसत होती. म्हणजे ती काच सपाट होती. लेन्स थोडी तिरपी केल्यावर तिच्याखाली दुसरी, छोटीशी, वाकलेली हिरवट ट्यूबलाइटही दिसली. पोलरायझरच्या खाली आणखी एक फिल्टर होता!

मी विचारले, ‘सर्वांत रुंद झूमला फोटोचे कोपरे काळे यायचे का?’ तो म्हणाला, ‘थोडे यायचे, पण मला वाटले ही लेन्सच तशी आहे.’ आधीच्या मालकाने लावलेला, अतिनील किरणे अडवणारा पातळ यूव्ही फिल्टर त्याला कधी दिसलाच नव्हता. काळी रिंग लेन्सच्या कडेशी एकजीव दिसत होती आणि पोलरायझर त्याने नकळत तिच्याच पुढच्या आट्यांत बसवला होता. हे मलाही दिसले नव्हते, आणि मी तर पैसे घेऊन पाहणारी. कार्डावरची ओळ मी त्याच्यासमोर खोडली.

आता करवत चालवायला धीर आला, कारण चुकून खोल गेलेच, तरी ओरखडलेला फिल्टर कापला जाणार होता. जाड पुठ्ठ्याची चकती आत बसवून तिच्या कडा मी चिकटपट्टीने बंद केल्या. हॅक्सॉचे नुसते पाते बोटांत धरून, पोच्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर अंतरावर, मी आतून बाहेरच्या दिशेने दोन खाचा पाडल्या. खाच आरपार करायची नसते. आट्यांपाशी कागदाएवढी धातू शिल्लक राहिली की थांबायचे. दर दहा-बारा घासांनंतर मी ब्रशने कीस काढून हातातल्या भिंगातून खाच किती खोल गेली ते पाहत होते. मग दोन खाचांमधला तुकडा लांब टोकाच्या पकडीने हळूच आतल्या बाजूला वाकवला. तो सुटल्याबरोबर उरलेल्या रिंगेतला ताण गेला आणि तीन मिनिटांपूर्वी हलायचे नाव न घेणारी ती रिंग बोटाने ढकलताच आत आली.

यूव्ही फिल्टरची गोलाई शाबूत होती, म्हणून तिथे पाते लावायची गरज नव्हती. या लेन्सची कड प्लॅस्टिकची होती, तेव्हा फ्रीझरच्या नेमके उलट करायचे मी ठरवले. टेबलावरच्या साध्या दिव्याखाली, हाताला कोमट लागेल इतपतच, लेन्स दहा मिनिटे ठेवली. त्यानंतर रबराची सपाट चटई टेबलावर पसरून लेन्स तिच्यावर उपडी ठेवली, म्हणजे रिंगेच्या संपूर्ण परिघाला सारखा दाब बसतो आणि ती लंबगोल होऊ शकत नाही. लेन्सला झूमच्या रिंगेवर धरायचे नसते, मागच्या घट्ट भागाला धरायचे, नाहीतर सगळा पीळ आतल्या नाजूक खाचांवर येतो. दिशेच्या बाबतीत इथे पुष्कळांचा गोंधळ उडतो आणि ते फिल्टर आणखी आवळतात; वास्तविक पुढून पाहून फिल्टर फिरवा किंवा मागून पाहून लेन्स फिरवा, सोडवताना घड्याळाच्या काट्यांच्या उलटच जायचे असते. मी जोर लावला नाही, नुसते वजन टाकले आणि मनगट वळवले. दुसऱ्या प्रयत्नात कर्र असा कोरडा आवाज झाला. एका फेऱ्यात हे आटे पाऊण मिलिमीटरच सरकतात, त्यामुळे तीन-चार फेऱ्यांत फिल्टर हातात आला. त्याच्या आट्यांत पांढुरकी, दाट झालेली धूळ भरली होती.

पुढच्या भिंगावर एकही चरा नव्हता. तरी पडलेली लेन्स म्हणून मी तिला कॅमेऱ्यावर चढवले, भिंतीवर चिकटवलेल्या छापील कागदाचे पूर्ण उघड्या छिद्राने फोटो काढले आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरे मोठी करून पाहिली. चारही कोपरे सारखेच तीक्ष्ण होते, म्हणजे आतले कोणतेही भिंग तिरके झालेले नव्हते. त्याने लेन्स हातात घेतली, छताकडे धरली आणि बराच वेळ तिरपी करत राहिला. ट्यूबलाइट आखूड आणि वाकलेली दिसते ना, एवढेच तो पाहत होता.