फिनिक्सला घर घ्यायचं, पण कुठे?

अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्सला आणि आसपासच्या गावांत घर कुठे घ्यावं, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी मी कुणाला घराबद्दल सल्ला देत नाही. पण कुणाच्या भाच्याला इथे नोकरी लागते, कुणाच्या मैत्रिणीची बदली होते, आणि फोन येतो: ‘काका, चँडलर बरं की गिल्बर्ट? स्कॉट्सडेल परवडेल का?’ माझा उलट प्रश्न ठरलेला असतो. गावाचं राहू दे, घराचं तोंड कुठल्या दिशेला बघतोयस?

पलीकडचा खूश होतो. काका वास्तूवर आले! ‘पूर्वेलाच बघतोय.’ आणि तिथेच माझं नि त्याचं बिनसतं. इथल्या नव्या वसाहतींत घराचं तोंड पूर्वेला म्हणजे परसदार पश्चिमेला. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, मोठी सरकती काचेची दारं, सगळं बहुधा मागच्या अंगणाकडे उघडतं. जुलैत दुपारी दोनपासून सूर्य बुडेपर्यंत ऊन त्या काचांवर असतं. २०२३ मध्ये फिनिक्सला ओळीने ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या वर टेकला होता. १९ जुलैला तर पहाटेसुद्धा तो ९७ च्या, आपल्या ३६ च्या, खाली उतरला नाही. अशा दिवसांत पश्चिमेच्या अंगणात संध्याकाळी सातला चहा घेऊन बसता येत नाही आणि आत एसी दम खात नाही. वेळेनुसार दराची योजना घेतली असेल तर वीज महाग असते तीही नेमकी त्याच वेळी.

वाळवंटात सुखाचं घर म्हणजे ज्याचं परसदार उत्तरेला आहे ते. म्हणजे दक्षिणमुखी! आपली माणसं त्याच्या वाटेला जात नाहीत. माझं म्हणणं, तेवढेच बोली लावणारे कमी.

सूर्याचा दुसरा हिशेब रस्त्यावरचा. मॅरिकोपा काउंटी, म्हणजे फिनिक्सचा जिल्हा, पसरलीय केवढी, तर पुणे जिल्ह्याच्या जवळजवळ दीडपट, आणि २०२०च्या जनगणनेनुसार वस्ती ४४ लाखांच्या वर. ऑफिसच्या पश्चिमेला घर घेतलंत, म्हणजे बकआय, गुडइयर किंवा सरप्राइजला, की सकाळी उगवता सूर्य डोळ्यांत आणि संध्याकाळी मावळता. पूर्वेला राहिलात तर दोन्ही वेळा तो पाठीशी. मेसा-गिल्बर्टकडे राहणारे हे मोठ्या तोऱ्यात सांगतात, आणि खरंच सांगतात. अर्थात नोकरी उत्तरेच्या त्या नव्या तैवानी चिप कारखान्यात असेल तर हे सगळं गणित बदलतं. मग चँडलरचं नाव काढू नका, पिओरिया किंवा उत्तर फिनिक्स बघा. इंटेलच्या ओकोटिओ कॅम्पसला जायचं असेल तर चँडलर-गिल्बर्टला तोड नाही. गाडी न चालवता राहायचंय? मग फिनिक्स, टेंपी आणि मेसा, एवढ्यांतच लाइट रेल आहे. बाकीच्या गावांत गाडीशिवाय दूधही आणता येणार नाही.

आता पाणी. हे कुणी विचारत नाही आणि मी सांगितल्याशिवाय सोडत नाही. जुन्या शहरांकडे सॉल्ट नदीचं धरणाचं पाणी आहे. रूझवेल्ट धरण १९११ सालचं. शिवाय कोलोरॅडो नदीतून ५४० किलोमीटरचा कालवा येतो. महानगराच्या कडेच्या नव्या वसाहतींत मात्र भूजलावर भिस्त. १९८०च्या कायद्याने इथे नवी वसाहत पाडायची तर शंभर वर्षं पुरेल एवढं पाणी दाखवावं लागतं. जून २०२३ मध्ये राज्याने सांगून टाकलं की फिनिक्स परिसरात निव्वळ भूजलाच्या भरवशावर नव्या वसाहतींना मंजुरी नाही. त्याच वर्षी १ जानेवारीपासून स्कॉट्सडेलने शेजारच्या रिओ व्हर्डे फूटहिल्सच्या टँकरांना पाणी देणं बंद केलं. स्कॉट्सडेलच्या वेशीला लागून असलेली टुमदार घरं, पण शहराच्या हद्दीबाहेरची. दारात घोडे, आणि त्या दिवसांत अंघोळीला मोजून पाणी. टँकर काय असतो हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. तेव्हा घर शहराच्या हद्दीत आहे की बाहेर, आणि पाणी कोण देतं, हे आधी लेखी बघा.

याउलट मध्य फिनिक्स, टेंपी, मेसा आणि जुनं गिल्बर्ट इथल्या काही गल्ल्यांत अजून पाटाचं पाणी आहे. मागच्या अंगणाला चहूबाजूंनी वीतभर बांध, कोपऱ्यात जमिनीतून वर आलेला सिमेंटचा पाइप, त्यावर लोखंडी झडप. उन्हाळ्यात साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते, आणि ती रात्री दोनलाही येऊ शकते. मग उठायचं, झडप फिरवायची आणि घोटाभर पाण्यात उभं राहून दारं धरायची. माझे एक स्नेही मूळचे श्रीरामपूरचे. ऊस सोडून इतक्या लांब आले, आणि आता इथे संत्र्याला नि लिंबाला पाणी देतात. तक्रार करतात, पण घर बदलत नाहीत. त्यांच्या गल्लीत शिरलं की गाडीतला काटा दोन-तीन अंश खाली येतो, हे मी स्वतः पाहिलंय. खडी पसरलेल्या नव्या वसाहतीत हे सुख नाही.

नावांवर विसंबू नका. मॅरिकोपा नावाचं गाव मॅरिकोपा काउंटीत नाही, ते शेजारच्या पिनाल काउंटीत आहे. आपलं महागणपती मंदिर तिथेच. दर्शनाला जरूर जा. पण घरं स्वस्त आहेत म्हणून तिथे राहायला निघाला असाल तर आधी आठवड्यातल्या एखाद्या सकाळी ३४७ नंबरचा रस्ता धरून फिनिक्सकडे येऊन बघा. क्वीन क्रीक दोन्ही काउंट्यांत पसरलंय. गिल्बर्ट अडीच लाखांवर लोकवस्तीचं असूनही कागदोपत्री अजून ‘टाउन’च. शाळांचंही तसंच: गिल्बर्टच्या काही भागांतली मुलं चँडलरच्या शाळा-जिल्ह्यात जातात. तेव्हा पत्ता टाकून शाळा तपासा, गावावरून नाही.

आईवडील कायमचे यायचे असतील तर सन सिटीची जाहिरात मोहवते. १९६० साली सुरू झालेली ज्येष्ठांची वसाहत, रस्त्यांवर गोल्फ कार्टं. पण तिथे एकोणीस वर्षांखालच्या कुणाला कायम राहता येत नाही. नातवंडं पाहुणी म्हणून येणार हे चालत असेल तर बघा.

मी स्वतः टेंपीच्या दक्षिण टोकाला राहतो. घर जुनं, छप्पर दुरुस्तीला आलेलं, परसदार उत्तरेला. तुम्हाला तेच आवडेल असं नाही. एक मात्र करा: पहिलं वर्ष भाड्याने राहा. घरं बघायला सगळे फेब्रुवारीत येतात, तेव्हा हवा अशी असते की बकआयच्या पलीकडचा माळही विकत घ्यावासा वाटेल. तुम्ही जुलैत या, दुपारी चारला, आणि एजंटला सांगा की आधी मागचं अंगण दाखव.