दोन पडद्यांवरची एकच खूण

नमुना आणायला मी स्वतः खाली गेले. एरवी वॉर्डबॉय आणून देतो, पण त्या दिवशी राहवलं नाही. पुण्यातल्या आमच्या रुग्णालयात नारायणगावचे दोघे भाऊ आले होते. थोरल्याला एएमएल, रक्ताचा कर्करोग. त्याला मूलपेशी द्यायला धाकटा चार तासांपासून मशीनला जोडलेला. एका हातातून रक्त निघायचं, नवं रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी बाजूला काढून उरलेलं दुसऱ्या हातात परत जायचं. ओठांना मुंग्या आल्या म्हणून सिस्टरने कॅल्शियम दिलं होतं. वर टांगलेली पिशवी पिकल्या टोमॅटोच्या रसासारखी लाल. सख्ख्या भावंडाशी एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. यांचं जुळलं होतं.

मी फ्लो सायटोमीटर या यंत्रावर पेशी मोजते. मूलपेशींवर सीडी34 ही खूण असते, तिला रंग चिकटवला की पडद्यावर त्यांचे ठिपके वेगळे पडतात. चार महिन्यांपूर्वी थोरल्याच्या मज्जेचा, म्हणजे हाडांतल्या रक्त बनवणाऱ्या गराचा, नमुनाही मीच लावला होता. तेव्हा पडदा याच खुणेच्या रोगट पेशींनी भरला होता.

1994 मध्ये टोरांटोत संशोधक जॉन डिक यांच्या गटाने एएमएलच्या पेशी उंदरांत सोडल्या, तेव्हा अडीच लाखांत एखादीच आजार पुन्हा उभा करू शकली. केमो भराभर वाढणाऱ्या पेशींना गाठते, या मात्र बऱ्याचदा झोपून राहतात. धाकट्याला हे सांगितलं तर म्हणाला, “लव्हाळ्यासारखंच की ताई. वरनं कितीही खुरपा, खालची गाठ राहिली की पहिल्या पावसात हजर.” तेव्हापासून शिकाऊ मुलांना मी लव्हाळाच सांगते. भावाच्या पेशी नुसती मज्जा उभी करत नाहीत. त्यांच्यासोबत येणाऱ्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, अशा उरलेल्या गाठींवर तुटून पडतात.

मूलपेशींचा आकडा आला: थोरल्याच्या वजनाच्या दर किलोमागे 14 लाख. किमान 20 लाख हव्यात. पुन्हा लावलं, तेच. डॉक्टरांबरोबर मीही खाली गेले. धाकट्याने हातावरची पट्टी दाबून धरली होती. “दादाला सांगू नका कमी पडल्या म्हणून. उद्या परत झोपतो.”

दुसऱ्या दिवशी आणखी 23 लाख मिळाल्या. पेशी चढवल्यावर सोळाव्या दिवशी थोरल्याचे न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 500च्या वर गेले. म्हणजे भावाच्या पेशी रुजल्या होत्या.

गाठ राहिली का, हे कळायला अजून वर्ष-दोन वर्षं जातील. त्याचा नमुना आला की सीडी34चा तो कोपरा मी सगळ्यात आधी बघते.