चॉसरच्या शेजारी जागा

लंडनला पोचल्यावर पहिल्याच सकाळी मी बहिणीला म्हटलं, आधी साउथवर्क. चौदाव्या शतकातला इंग्रजी कवी चॉसर याच्या 'कँटरबरी टेल्स'मधले यात्रेकरू जिथे मुक्कामाला जमतात आणि वाटेत गोष्टी सांगायचं ठरवतात, ती टॅबर्ड सराई मला बघायची होती. "ताई, तिथे काही नाहीये गं," ती म्हणाली. खरंच नव्हतं. जुनी सराई १६७६च्या आगीत गेली, नंतर बांधलेली एकोणिसाव्या शतकात पाडली. आता टॅल्बट यार्ड नावाचं अरुंद बोळ आणि भिंतीवर एक निळी पाटी. मला फार वाईट वाटलं.

त्याच तिरमिरीत वेस्टमिन्स्टर ॲबी गाठली. बरोबर बारा वर्षांची भाची. तिकीट महाग आणि आत ही गर्दी! पोएट्स कॉर्नरमध्ये, म्हणजे कवी-लेखकांच्या कबरींच्या कोपऱ्यात, तर लोक कानाला ऑडिओ गाइड लावून फरशीवरची नावं शोधत होते. डिकन्स सापडला की थांबत, किपलिंग सापडला की थांबत. आपल्या मुंबईत जन्मलेल्या किपलिंगपाशी मीही थांबले. चॉसरच्या बनावट हस्तलिखितावर त्यानं एक अख्खी कथा लिहिली आहे. पण ज्याच्यामुळे हा कोपरा कवींचा झाला, तो चॉसर भिंतीशी, करड्या दगडाच्या कबरीत. अक्षरं झिजलेली. बहुतेकांची त्याच्याकडे पाठ. मला राग आला, अजूनही येतो.

कारण १४०० साली त्याला इथे पुरलं ते कवी म्हणून नव्हेच. बंदरावर लोकरीच्या जकातीचा हिशेब ठेवलेला, पुढे राजाच्या बांधकामांवर देखरेख केलेला हा सरकारी माणूस शेवटी ॲबीच्याच आवारात भाड्यानं राहत होता. ही कबर तर १५५६ मध्ये निकोलस ब्रिगम यानं बांधली. मग १५९९ मध्ये कवी स्पेन्सरला त्याच्याजवळ पुरलं. त्या वेळी कवींनी आपल्या कविता लेखण्यांसकट खड्ड्यात टाकल्या, असं त्या काळच्या इतिहासकार कॅम्डेननं लिहून ठेवलंय. पुढे ड्रायडन आला. ब्राउनिंग आणि टेनिसन तर अगदी त्याच्या पायाशी आहेत. दरबारात फ्रेंच आणि चर्चमध्ये लॅटिन चालायची, तेव्हा या माणसानं लंडनच्या बोलीत गिरणीवाला, स्वयंपाकी, पाच नवरे केलेली बाई यांना बोलतं केलं. पाच आघातांची जी ओळ त्यानं इंग्रजीत रुळवली, तीच शेक्सपिअर आणि मिल्टनकडे गेली. १९२२ साली एलियट आपली 'द वेस्ट लँड' ही कविता एप्रिलपासून सुरू करतो, तेव्हा तो 'कँटरबरी टेल्स'च्या पहिल्या ओळीतल्या एप्रिललाच उलटं उत्तर देत असतो.

"मावशी, तू काय पुटपुटतेयस?" भाचीनं विचारलं. मी त्याची पहिली ओळ म्हणत होते: व्हान दात आप्रिल विथ हिस शूरेस सोते. बीएला आमच्या सरांनी ती वर्गात मोठ्यानं म्हणून दाखवली होती. शाळेत 'नाइट' लिहिताना मी सुरुवातीचा 'के' हमखास विसरायचे आणि बाई लाल शाईनं गोल करायच्या. न उच्चारायचं अक्षर लिहायचं कशाला, हे कोणी सांगितलं नव्हतं. सरांनी सांगितलं. चॉसरच्या काळी त्या अक्षरांना आवाज होता. सरदाराला लोक 'क्निख्त' असं काहीसं म्हणत. तो 'ख' आज बहुतेक इंग्रजांच्या बोलण्यात नाही, पण माझ्या जिभेला सहज जमला. त्या दिवशी इंग्रजी मला पहिल्यांदा परकी वाटली नाही.

हे मी भाचीला तिथेच, कबरीसमोर सांगितलं. तिनं दोनदा हळूच म्हणून पाहिलं. घरी मराठी बोलते, त्यामुळे 'ख' स्वच्छ आला. शेजारच्या आजीबाई वळून कबरीकडे बघायला लागल्या, आणि मला भरून आलं.

पुढचे चार दिवस बाकीचं लंडन. एक दिवस कँटरबरी: चॉसरचे यात्रेकरू ज्याच्या दर्शनाला निघतात, त्या संत बेकेटचं समाधिस्थान आठव्या हेन्रीनं १५३८ मध्ये उद्ध्वस्त केलं, तिथे मोकळ्या फरशीवर फक्त एक मेणबत्ती जळते. तिच्यासमोर बराच वेळ बसले.

निघायच्या दिवशी भाची हीथ्रोपर्यंत सोडायला आली. पिकॅडिली लाइनवर 'नाइट्सब्रिज'ची घोषणा झाली. तिनं मान हलवली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "क्निख्त्सब्रिज."