उपासाचा रस आणि सोमवारचा ईसीजी

महाशिवरात्र रविवारी आली होती. आमच्या डायलिसिस युनिटमध्ये सोमवार-बुधवार-शुक्रवार येणाऱ्यांना शनिवार-रविवार सलग दोन दिवस मशीन नसतं. धोका साचतो तो याच दोन दिवसांत.

काका साठीचे, मधुमेहाने किडन्या गेलेल्या. सोमवारी सकाळी वजनकाट्यावर चढताना गुडघ्यांतून वाकले. "पायांत जीवच नाही," म्हणाले. वजन 3.6 किलोने वाढलेलं, नाडी 46. मशीनला जोडण्याआधी ईसीजी काढला. टी-लहरी तंबूसारख्या टोकदार, पी-लहर जवळजवळ गायब, क्यूआरएस (ठोक्याची मुख्य लहर) रुंदावलेला. किडनीने बाहेर न टाकलेलं पोटॅशियम रक्तात साचून हृदयावर आल्याची ही खूण. रक्त घेताना पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटंच जास्त दिसतं, हे खरं. पण असा ईसीजी समोर असताना रिपोर्टची वाट बघत बसायचं नसतं. रिपोर्ट नंतर आला: 7.4. सर्वसाधारण पातळी 3.5 ते 5.

डॉक्टरांनी आधी 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट 10 मिली, सावकाश शिरेतून दिलं. त्याने पोटॅशियम खाली येत नाही. हृदयाला अर्धा-पाऊण तास संरक्षण मिळतं, एवढंच. मग 10 युनिट इन्सुलिन आणि सोबत 25 ग्रॅम ग्लुकोज, शिवाय साल्ब्युटामॉलची वाफ. यांनी पोटॅशियम पेशींच्या आत ढकललं जातं, शरीराबाहेर जात नाही. बाहेर काढतं ते डायलिसिस. तेही मॉनिटर लावून, कारण पातळी झपाट्याने उतरली तरी ठोके बिघडतात.

मशीन सुरू झाल्यावर काकूंना विचारलं, काल काय काय खाल्लं? "बटाटा नाही, केळं नाही, रताळंसुद्धा नाही दिलं हो," त्या कळवळून म्हणाल्या. चार्टमधलं सगळं त्यांनी पाळलं होतं. पिशवीतून स्टीलची बाटली काढून दाखवली, तळाशी केशरी रस उरलेला. "निव्वळ रसावर होते. मृगाची संत्री, घरीच काढलेला, साखरेचा कणही नाही. आणि दोन शहाळी."

तिथेच हिशेब मांडला. संत्र्याच्या 100 मिली रसात साधारण 200 मिलीग्रॅम पोटॅशियम, शहाळ्याच्या पाण्यात 250 च्या आसपास. तीन मोठे ग्लास म्हणजे 750 मिली, दोन शहाळ्यांचं पाणी 600. मिळून 3000 मिलीग्रॅम. काकांना दिवसाला सुमारे 2000 ची मर्यादा घालून दिलेली. वर 1350 मिली पाणी.

बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळला आणि पाणी टाकून दिलं तर त्यातलं बरंच पोटॅशियम निघून जातं. रसात ती सोय नाही. उलट चार संत्र्यांचा चोथा काढून बाकी सगळं एका ग्लासात येतं. चोथा गेल्यामुळे साखरही भराभर रक्तात चढते. 250 मिलीत 20 ग्रॅमच्या वर साखर असते, वरून न घालतासुद्धा. मधुमेहात साखर वाढली आणि इन्सुलिन अपुरं पडलं, तर पोटॅशियम पेशींत शिरत नाही, रक्तातच राहतं.

हाच रस किडनी चांगली असलेल्याला वाईट नाही. क जीवनसत्त्व मिळतं, जेवणातलं लोह जास्त शोषलं जातं, त्यातल्या सायट्रेटमुळे मुतखड्याच्या काही पेशंटना फायदाही होतो. मला राग येतो तो आमच्याच छापील आहारपत्रकाचा. त्यात फळांची यादी होती, 'रस' हा शब्द कुठेच नव्हता. आता मोठ्या अक्षरांत आहे: रस, शहाळं, लो-सोडियम मीठ (त्यात काही सोडियमऐवजी पोटॅशियम असतं) बंद. कमरख (स्टारफ्रूट), म्हणजे गोव्याकडचं करमल, घासभरही नाही. त्यातलं विष किडनी फेल झालेल्याच्या मेंदूवर जातं. सुरुवात न थांबणाऱ्या उचकीने होते, पुढे झटके येतात.

चार तासांनी डायलिसिस संपलं तेव्हा पोटॅशियम 4.3. पेशींत ढकललेलं परत रक्तात उतरतं, म्हणून काकांना ठेवून घेऊन संध्याकाळी पुन्हा तपासलं: 5.0. काकूंनी विचारलं, पुढच्या उपासाला काय देऊ? वाटीभर भगर, दाण्याचं कूट न घालता. सोबत अर्धं सफरचंद, चावून खायचं.