सड्यावरची रेघ नाण्यावर

आषाढ, रविवार

चातुर्मास लागला की आमच्या प्रेसमध्ये शुकशुकाट. लग्नपत्रिका बंद, शाळांची पावतीपुस्तकं आणि एखाद्या पतपेढीचा अहवाल, एवढंच काय ते काम. म्हणून संध्याकाळी शटर अर्धं ओढून घेते आणि दुकानातल्याच कॉम्प्युटरवर नाण्याची फाइल उघडून बसते. आज पाऊस इतका होता की समोरचं मेडिकल दिसत नव्हतं, आणि लाइट दोनदा गेली.

नाणं म्हणजे जिओकॉइन, जिओकॅशिंग नावाच्या खेळातलं. हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यापुरतं सांगते. कुणीतरी एक डबा लपवतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीचे जीपीएस घेऊन तो हुडकतात आणि आतल्या वहीत नाव लिहून ठेवतात. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेच ३ मेला डेव्ह उल्मरने ओरेगनच्या रानात पहिली बादली ठेवली. तिच्यात इतर चीजवस्तूंबरोबर घेवड्याच्या दाण्यांचा एक सीलबंद डबाही होता. तो डबा पुढे सापडला, त्यालाही माग काढायचा नंबर मिळाला, आणि आता लोक त्याचं दर्शन घ्यायला जातात. (आपल्याकडे असता तर एव्हाना देऊळ झालं असतं.) नाणी आली पुढच्या वर्षी. वॉशिंग्टन राज्यातल्या जॉन स्टॅन्लीने २००१ मध्ये स्वतःची पाडून घेतली आणि डब्यांतून सोडली. हल्लीच्या नाण्यांवर सहसा सहा अक्षरांचा कोड असतो. नाणं या डब्यातून उचलून त्या डब्यात ठेवलं की खेळाच्या साइटवर त्याच्या नावावर किलोमीटर चढतात.

कोकणात डबे थोडेच. त्यामुळे मला नाद लागला तो डबे शोधून नाही. भाचा बोटीवर आहे. एकदा सुट्टीवर आला तेव्हा त्याने रॉटरडॅमहून एक नाणं आणलं आणि म्हणाला, "मावशी, हे तुझ्या कामातलं आहे बघ." खरंच होतं. त्यावर मीना, म्हणजे दागिन्यांवर असतो तसा काचेसारखा रंग, भरला होता आणि त्या रंगांचे पँटोन नंबर, म्हणजे छपाईतले रंगांचे ठरलेले क्रमांक, मला बघताक्षणी ओळखू आले. तेव्हापासून टपालाने अदलाबदल चालू आहे, आणि आता स्वतःचं एक पाडायचं ठरवलंय.

काय घालायचं यावर घरात सगळ्यांना मत आहे. भाऊजी म्हणतात सिंधुदुर्ग. शेजारच्या काकू म्हणतात हापूस, "नाहीतर कोकण कळणार कसं गो त्यांना?" प्रेसमधला मुलगा म्हणतो शिवराई कर, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. त्याला मी सरळ नाही म्हटलं. बाजारात खोट्या शिवराया आणि खोटे होन आधीच पोत्याने आहेत, त्यात आपली भर नको. मला स्वतःला दाभोळच्या लारीचा मोह पडला होता. आदिलशाहीत दाभोळला चांदीची तार मधोमध दुमडून तिच्यावर ठसे मारत, तीच लारी. वाटोळी नव्हेच, केसांतल्या आकड्यासारखी लांबट. पण तिच्यावर कोड कुठे, साइटचं नाव कुठे, हे जुळेना. साइटवर माग काढायचा तर तसं नाण्यावर लिहावं लागतं आणि डिझाइनही आधी मंजूर करून घ्यावं लागतं.

शेवटी कातळशिल्पावर आले.

आषाढ, गुरुवार

गेल्या हिवाळ्यात देवाचे गोठणे इथे गेलो होतो. राजापूर तालुक्यात, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर. जांभ्याच्या सपाट कातळात कोरलेली माणसाची आकृती. तिथे होकायंत्र ठेवलं की सुई उत्तर सोडून भलतीकडे जाते. फोनमधल्या सुईचंही तेच झालं. उपग्रहाचे आकडे मात्र जसेच्या तसे, त्यांना चुंबकाशी देणंघेणं नाही. जीपीएसवर चालणाऱ्या खेळाच्या नाण्याला याहून चांगली जागा कुठली असणार? मागच्या बाजूला होकायंत्र आणि त्याची सुई उत्तरेवरून घसरलेली, हे तिथेच उभ्या उभ्या ठरलं होतं. पुढच्या बाजूचं काही ठरलं नव्हतं.

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्याबरोबरच्या मंडळींनी गावोगावचे सडे पायी तुडवून ही चित्रं उजेडात आणली, म्हणून आज उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू ही नावं बाहेर पोचली. २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांची युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत नोंद झाली. एक गोष्ट आधीच पक्की केली आहे. चित्राच्या आसपास मी डबा लपवणार नाही आणि कुणाला लपवूही देणार नाही. शोधणारे पायाखाली बघत नाहीत, फोनकडे बघतात.

खरी कटकट वेगळीच निघाली. नाण्यात मीना भरायचा तर प्रत्येक रंगाभोवती धातूची उंच रेघ लागते, भाताच्या खाचराला बांध लागतो तशी. रेघ वर, रंग खाली. आणि ती रेघ पाव मिलिमीटरहून फार बारीक गेली तर साच्यात टिकत नाही. सगळे कारखाने याच हिशोबाने चालतात. कातळशिल्पात नेमकं उलटं आहे. तिथे रेघ खोदलेली, खाली गेलेली, आणि आजूबाजूचा कातळ वर. मी पहिल्यांदा नेहमीच्या पद्धतीने उंच रेघ काढली, आत तपकिरी मीना भरला, तर ते जत्रेतल्या बिल्ल्यासारखं दिसायला लागलं.

मग रंगच काढून टाकला. आता रेघ खोल, बाकी सगळा पृष्ठभाग वर. मुलामा अँटिक कॉपरचा. अँटिक म्हणजे मुलाम्यावर काळं चढवतात आणि मग वरचं पुसून घेतात. खोलगट भागात काळं राहतं, उंच भाग उजळतो. आपल्या चिऱ्याचा रंग त्याच्या फार जवळ जातो. पृष्ठभागाला जांभ्यासारखी भोकं-भोकं दाखवली होती, ती निम्म्याहून कमी केली, कारण भोकांत रेघ हरवत होती. सड्यावरही चित्र डोक्यावर ऊन असताना नीट दिसत नाही. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन लागतं, नाहीतर पाणी ओतावं लागतं. नाणंही तसंच, जरा कलतं धरल्याशिवाय कळणार नाही. चालेल.

आकार ४४ मिलिमीटर, जाडी ३.

श्रावण, सोमवार

आत्याबाई श्रावणापुरत्या राहायला आल्यात. आज दुपारी मी प्रेसमध्ये असताना त्यांनी देवघरातली तांब्याची भांडी घासायला काढली, आमसुलं आणि मीठ लावून. टेबलावर झेक प्रजासत्ताकातून आलेलं एक नाणं होतं, अँटिक कॉपरचंच, घुबडाचं. तेही घासलं गेलं. संध्याकाळी हातात ठेवून म्हणाल्या, "किती काळं पडलं होतं गो! आता बघ कसं लखलखीत झालं."

लखलखीत झालं होतं खरं. घुबडाची पिसं मात्र गेली. एकेक पीस सुटं दिसत होतं ते फटीतल्या काळ्यामुळे. ते निघून गेल्यावर उरला एक गुळगुळीत गोळा, त्याला दोन डोळे. भिंगाखाली धरलं तर फटी अगदी उथळ होत्या. म्हणजे सगळी भिस्त काळ्यावर होती, खोदकामावर नव्हतीच. आत्याबाईंना काही बोलले नाही. चहा झाल्यावर त्यांनीच विचारलं की याचं करतात काय. सांगितलं. जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "एवढ्या पैशांत चांदीचं निरांजन आलं असतं."

रात्री फाइल उघडून रेघेची खोली वाढवायची सूचना लिहिली. डब्यातून डब्यात जाणारं नाणं खिशात किल्ल्यांबरोबर राहणार, कधी चिखलात पडणार. पाचेक वर्षांत काळं जाणारच. गेलं तरी बोटाला रेघ लागली पाहिजे.

(जाता जाता: आपल्या हवेत नाणी ठेवायची असतील तर मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवू नका. ते प्लास्टिक कालांतराने चिकट होतं आणि तांब्यावर हिरवट राप चढतो. मी बुटांच्या खोक्यांतून निघणाऱ्या सिलिकाच्या पुड्या जमवते आणि नाणी कागदात ठेवते.)

श्रावण, शुक्रवार

पोस्टात गेले. जर्मनीत एकाला दोन नाणी पाठवायची होती. जर्मनीत या नादाची माणसं पुष्कळ. अदलाबदलीचे रिवाज सोपे आहेत: एकास एक, दोन्ही नाणी कोरी, म्हणजे कोड अजून कुणाच्या नावावर चढवलेला नाही. फोटो टाकायचा तर कोड झाकून, नाहीतर ज्यांनी नाणं हातात धरलेलंच नाही तेही 'बघितलं' अशी नोंद करून मोकळे होतात.

काउंटरवरच्या बाईंनी कस्टमचा सीएन २२ फॉर्म पुढे केला आणि आत काय आहे विचारलं. आंतरराष्ट्रीय टपालात चलनी नाणी साध्या पाकिटातून पाठवायला मनाई आहे, म्हणून या नादातले सगळेच 'धातूचा बिल्ला' असं काहीतरी लिहितात. मीही तेच लिहिलं. त्यांनी पाकीट चाचपलं.

"नाणं वाटतंय."

"खेळातलं आहे. चलन नाही."

"चालतं कुठे मग?"

"कुठेच नाही."

"मग पाठवताय कशाला?"

मागे रांग होती म्हणून सुटले.

श्रावण, रविवार

त्या जर्मन गृहस्थांशी गेले काही दिवस पत्रापत्री चालली आहे. माझ्या नाण्याचं चित्र त्यांना आवडलं. त्यांचं म्हणणं, नेहमीच्या प्रतीबरोबर एक मर्यादित प्रतही काढ, काळ्या निकेलवर सोनेरी, थोडीच, म्हणजे अदलाबदलीत भाव येईल. सगळेच असं करतात. एकच साचा, चार मुलामे. त्यातला एक मुद्दाम तुटपुंजा काढायचा, की त्याच्यामागे लोक धावतात.

मला ते पटत नाही. साच्याचा खर्च एकदाच होतो, म्हणून मुलामे बदलून नग वाढवणं कारखान्याला परवडतं, हे प्रेसवालीला सांगायला नको. पत्रिकांत आम्हीही तेच करतो, डिझाइन एकच आणि फॉइल वेगळी. पण तिथे गिऱ्हाइकाला ठाऊक असतं की तो फॉइलचे पैसे देतोय. इथे माणूस चार वेळा एकच चित्र गोळा करतो आणि त्याला संग्रह म्हणतो. शिवाय मर्यादित प्रत कधी डब्यात जात नाही, ती थेट अल्बममध्ये. डब्यातलं नाणं चोरीला जातं हे मलाही माहीत आहे. कितीतरी नाणी दोन-तीन मुक्कामांनंतर गायब होतात आणि मालक 'हरवलं' अशी खूण करून बसतो. म्हणून तर काही जण अस्सल नाणं घरी ठेवून प्लास्टिकमध्ये घातलेलं छापील चित्र फिरायला पाठवतात. ते करायचं तर धातू घडवायचाच कशाला, पत्रिकेच्या कागदावर मीच छापून दिलं असतं.

त्यांना लिहिलं: एकच प्रत, अँटिक कॉपर, आणि निम्मी नाणी फिरायला जाणार. उत्तर अजून नाही.

भाद्रपद, गौरी-गणपती झाल्यावर

घर रिकामं झालं. चाकरमानी काल रात्रीच्या गाड्यांनी गेले, डब्यांत मोदक आणि पिशव्यांत नारळ घेऊन. आज दुपारी कारखान्याकडून नमुन्याचं चित्र आलं.

पुढची बाजू उत्तम. रेघ खोल आहे, कडेला हलका उतार दिलाय, मी सांगितलाही नव्हता. मागची बाजू उघडली आणि बघतच राहिले. त्यांनी होकायंत्राची सुई सरळ उत्तरेवर आणून ठेवली होती! खाली अदबीने लिहिलं होतं की तुमच्या मूळ चित्रात सुई चुकीच्या दिशेला होती, ती आम्ही मोफत दुरुस्त केली आहे.

तासभर पत्र लिहीत होते. चुंबक, कातळ, राजापूर तालुका हे सगळं आधी लिहिलं आणि मग खोडलं. शेवटी एकच ओळ पाठवली की सुई चुकलेलीच हवी, कृपया पुन्हा चुकवा. तासाभरात नवीन चित्र आलं. सुई जिथे हवी तिथे, आणि खाली प्रश्न: नक्की ना?

नक्की, असं लिहून पैसे भरले.

संध्याकाळी जर्मनीहूनही उत्तर आलं. सोनेरी नाही तर नाही, कॉपरचं एक चालेल, पण फिरणाऱ्यांपैकी नको, कपाटातलं दे, म्हणतात. देईन. बदल्यात काय घ्यायचं ते अजून ठरवलं नाही. त्यांच्याकडे दीपगृहाचं एक आहे, ते बरं वाटतंय.

भाच्याचा फोन होता. पुढची बोट कुठली ते त्याला अजून कळलेलं नाही. सिंगापूरला उतरायला मिळालं तर एक तिथे टाकीन म्हणतो. म्हटलं टाक, पण आधी डब्याचं रबर बघ, पाणी शिरलेलं असेल तर तसंच परत घेऊन ये.